हीर काझीला ‘नाही’ म्हणाली होती

पत्र (थोडक्यात): ताई, मी २७ वर्षांचा. मूळचा साताऱ्याचा, नोकरी हिंजवडीत. ऑफिसच्या कॅबमध्ये रोज शेजारी बसणारी एक मुलगी पंजाबची, गुरदासपूर जिल्ह्यातली. पंजाबी गाण्यांचं वेड तिनंच लावलं. एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. ती शब्दांचे अर्थ सांगायची. दिवाळीनंतर मी तिला विचारलं. ती म्हणाली, ‘मला तुझ्याबद्दल तसं काही वाटत नाही, आणि पुढे वाटेल असंही समजू नकोस.’ आता तिकडे तिचं लग्न ठरलंय, फेब्रुवारीत. या महिनाअखेर ती नोकरी सोडतेय. मी रात्री दोन-तीनपर्यंत पंजाबी कवी शिवकुमार बटालवींची गीतं, रेश्मा, नुसरत ऐकत पडतो. रोज एक गाणं स्टेटसला ठेवतो. ती बघते, बोलत काही नाही. तिच्या सेंडऑफला सगळ्यांसमोर बटालवींचं एक गीत म्हणायचं ठरवलंय, पाठही झालंय. मित्र म्हणतात, कर बिनधास्त. आई म्हणते, ही रडकी गाणी आधी बंद कर. टीममधल्या सगळ्यांना लग्नाचं बोलावणं आहे, जाऊ का? आणि खरं प्रेम हे न मिळालेलंच असतं ना? – हिंजवडीचा रांझा

उत्तर:

सेंडऑफला गाऊ नकोस. हे सगळ्यात आधी सांगून टाकते, कारण महिनाअखेर तोंडावर आलीय आणि बाकीचं वाचून होईपर्यंत तू केकच्या टेबलाशेजारी घसा खाकरत उभा असशील.

विचार कर जरा. त्या दिवशी तिला सगळ्यांचा निरोप घ्यायचाय, भेटवस्तूचे आभार मानायचेत, मॅनेजरच्या त्याच त्या विनोदाला हसायचंय. त्यात तू उठून विरहगीत म्हणणार. तिनं काय करायचं? टाळ्या वाजवायच्या? मान खाली घालायची? तुझ्या टीममध्ये त्या गीताचा प्रत्येक शब्द कळणारी ती एकटीच असेल. बाकीच्यांना शब्द कळणार नाहीत, पण कुणाकडे वळून बघायचं ते बरोबर कळेल. तिनं आपलं ‘नाही’ तुला एकट्याला, चारचौघांत न बोलता, नीट सांगितलं होतं. त्याचं उत्तर तू चारचौघांत देणार. मित्र ‘बिनधास्त’ म्हणतात, कारण शुक्रवारी संध्याकाळी त्यांना फुकटची करमणूक हवीय.

आता तुझी सही. ‘हिंजवडीचा रांझा’ वाचून मला हसू आलं, रागावू नकोस. रांझ्याची गोष्ट तू गाण्यांतून ऐकलीयस, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी. वारिस शाह या पंजाबी कवीनं १७६६ मध्ये बांधलेली ‘हीर’ सलग बघ. तख्त हजाऱ्याचा हा धाकटा, लाडावलेला, बासरी वाजवणारा मुलगा भावजयांशी भांडून घर सोडतो, चिनाबच्या काठी येतो आणि होडीत मांडलेल्या हीरच्या पलंगावर खुशाल ताणून देतो. हीर मैत्रिणींचा लवाजमा घेऊन त्याला झोडपायला येते. तो डोळे उघडतो. तिथून पुढे जे काही होतं त्यात हीर त्याच्या दोन पावलं पुढेच आहे. बापाला गळ घालून ती त्याला म्हशी राखायचं काम मिळवून देते. रोज रानात त्याच्यासाठी चूरी घेऊन जाते. चूरी म्हणजे तुपात कुस्करलेली गोड रोटी, आपल्याकडचा मलिदा म्हण. पंजाबी गाण्यात कुणी कुणासाठी चूरी कुटली की समजायचं काय ते. रांझ्यानं आयुष्यात बरंच काही सोसलं, पण एकतर्फी प्रेम त्याच्या वाट्याला आलं नाही. तेवढं एक सोडून सगळं आलं.

त्याच गोष्टीत एक माणूस मात्र असा आहे की त्याला हीर हवी होती आणि हीरला तो नको होता. सैदा खेडा. रंगपूरच्या खेडा कुळातला मुलगा, हीरचा लग्नाचा नवरा. निकाह लावायला काझी बसला तेव्हा हीर त्याच्याशी भांडली, आणि वारिस शाहनं हे भांडण चांगलं रंगवून लिहिलंय. काझी शास्त्र सांगतो, नरकाची भीती घालतो. हीर म्हणते, माझा निकाह रांझ्याशी केव्हाच लागलाय, आणि तो लावणारा तुझ्यापेक्षा मोठा होता. ती ‘नाही’ म्हणाली, सगळ्यांदेखत म्हणाली. कुणी ऐकलं नाही. उचलून डोलीत घातली आणि रंगपूरला धाडली. पुढे रांझा कान टोचून जोगी होतो, दारोदार भिक्षा मागत तिच्या सासरी पोचतो, शेवटी काका कैदो विष घालतो, हे सगळं नंतरचं. ‘हीर’मधला सगळा अनर्थ त्या एका न ऐकलेल्या ‘नाही’पासून सुरू होतो. तेव्हा त्या गोष्टीत स्वतःसाठी जागा शोधताना सांभाळून. ‘तिनं नाही म्हटलं तरी माझं प्रेम खरं आहे’ हे वाक्य सैद्याच्या तोंडी चपखल बसतं.

पंजाबात खरोखरीची एकतर्फी गोष्ट हवीच असेल तर ती पूरन भगताची. सियालकोटचा राजा सलवान, त्यानं उतारवयात केलेली कोवळी बायको लूणा, आणि थोरल्या राणीचा मुलगा पूरन. लूणा पूरनवर भाळते. तो म्हणतो, तू मला आईच्या जागी. लूणाला नकार पचत नाही, ती राजाकडे उलटीच तक्रार करते, आणि राजा पोटच्या पोराचे हातपाय तोडून त्याला विहिरीत टाकायला लावतो. पुढे गोरखनाथ त्याला बाहेर काढतात म्हणून बरं. आपल्याकडे वर्तमानपत्रात ‘एकतर्फी प्रेमातून’ अशा मथळ्याखाली काय काय छापून येतं ते तुला ठाऊक आहे. तू त्यातला नाहीस, तुझ्या पत्रात राग कुठेही नाही. पण सेंडऑफचं गाणं आणि रोजचं स्टेटस त्याच रस्त्याच्या अगदी सुरुवातीला आहेत, म्हणून सांगते.

आणि ज्याला तू रात्र रात्र ऐकतोस त्या बटालवींना साहित्य अकादमीचा पुरस्कार कशासाठी मिळाला माहितेय? विरहगीतांच्या संग्रहासाठी नाही मिळाला. १९६५ मध्ये आलेल्या ‘लूणा’ या काव्यनाट्यासाठी मिळाला, १९६७ साली. शेकडो वर्षं शिव्या खाल्लेल्या त्या बाईच्या बाजूनं त्यांनी लिहिलं. खालच्या मानलेल्या जातीतल्या गरीब घरची पोर बापाच्या वयाच्या राजाला देऊन टाकली, तेव्हा तिच्या मनात काय आहे हे कुणी विचारलं होतं का, असा त्यांचा प्रश्न. सारा पंजाब ज्याला ‘बिरहा दा सुलतान’ म्हणतो, त्या कवीनं आपली सगळी ताकद बाईच्या जागी उभं राहून बघण्यात लावली. तुझ्या पत्रात तिला काय वाटत असेल याबद्दल एकच ओळ आहे: ‘ती बघते, बोलत काही नाही.’ अरे, स्टेटस सगळेच बघतात. अंगठा सरकतो, दिसतं. आणि ती बोलत नाही, कारण जे बोलायचं ते दिवाळीनंतर बोलून झालंय.

हे झालं तुझ्या कानउघाडणीचं. आता गाण्यांकडे येऊ, कारण माझा जीव खरा त्यात आहे.

तू ऐकतोस ती जुनी गाणी कुणाशी बोलतात, कधी बघितलंस? सोळाव्या शतकातल्या लाहोरच्या शाह हुसेनची काफी, म्हणजे सुफी गीत, घे: ‘माए नी मैं किहनूं आखां, दर्द विछोड़े दा हाल नी.’ आई गं, कुणाला सांगू मी या ताटातुटीच्या दुखण्याचं? पुढे तिचा स्वयंपाक येतो: दुःखाची रोटी, काट्यांचं कालवण, आणि चुलीत सरपण म्हणून उसासे. बोलणं सगळं आईशी. ज्याच्यासाठी जीव जळतोय तो त्या अंगणात नाहीच. बटालवींची शिकऱ्याची कविताही तशीच आईला सांगितलेली. मी एका शिकरा पक्ष्याला यार केलं, त्याला चूरी चालेना म्हणून काळजाचं मांस भरवलं, आणि एक दिवस त्यानं अशी भरारी मारली की परत आलाच नाही. शिकऱ्याला एक अक्षर दूषण नाही. ‘परत ये’ असंही त्याला म्हटलेलं नाही. शिकरा उडाला, हे आईला सांगितलंय, एवढंच. ही कविता आवडलेली मुलगी परदेशी गेल्यावर लिहिली असं पंजाबात सांगतात, खरंखोटं असो. समजा खरं असलं, तरी त्यांनी ती तिच्या दारात जाऊन म्हटली नाही.

कुठे आई, कुठे मैत्रीण, कुठे रब्ब, कुठे कावळा. सुफी संत शेख फरीदांचा दोहा गुरू ग्रंथसाहिबात आहे: कावळ्या, माझं सगळं मांस टोचून खाल्लंस, हे दोन डोळे तेवढे ठेव, त्यांना अजून प्रियाला बघायची आस आहे. आणि आपल्या ज्ञानोबांच्या विरहिणीतही कावळाच बसलाय: ‘पैल तो गे काऊ कोकताहे, शकुन गे माये सांगताहे’. इथेही ‘गे माये’ आहेच. फरीद तिकडे पाकपट्टनला वारले त्यानंतर दहा-पंधरा वर्षांच्या आत ज्ञानेश्वर इकडे जन्मले. दोघांची ओळख असण्याचा प्रश्नच नाही, तरी बाईनं विरह सांगावा तो आईला आणि कावळ्याला, यावर दोघांचं एकमत. मला यात मोठं शहाणपण दिसतं. ज्याच्यामुळे दुखतंय त्यालाच ते दुखणं दाखवायला गेलं की त्याच्यावर ओझं पडतं आणि आपल्याला उत्तराची चटक लागते. आईला सांगितलं की ती जवळ बसते, झालं.

तू म्हणशील, टप्पे नावाच्या पंजाबी लोकगीतांमध्ये तर थेट ‘माहिया’लाच, म्हणजे प्रियकरालाच हाक असते. असते ना. पण टप्पे गायचे ते दोन बाजूंनी. तीन छोट्या ओळी, त्यातली पहिली बऱ्याचदा नुसती यमकासाठी, तिचा पुढच्यांशी काही संबंधच नाही. मग समोरून तसंच उत्तर, कधी लाडाचं, कधी टोमण्याचं. जगजित आणि चित्रा सिंग यांच्या जोडीनं गायलेले टप्पे तू ऐकले असशीलच, त्यात ती त्याची कशी खोड काढते बघ. समोरून उत्तर येणार नसेल तर टप्पा लागतच नाही.

हल्लीची गाणी मात्र जवळजवळ सगळी ‘तू’शी बोलतात. तू असं केलंस, तुझं मन भरलं, मी नसेन तेव्हा तुला कळेल. जानीनं लिहिलेली, बी प्राकनं गायलेली गाणी ऐक. चाली अशा की ऐकणाऱ्याला सोडत नाहीत, आणि त्याचा आवाज वर चढतो तेव्हा मलाही गलबलतं. पण त्यांचा सूर तक्रारीचा आहे, आणि तक्रारीला समोर आरोपी लागतो. तुझ्या गोष्टीत आरोपी कुणी नाही. तिनं तुला फसवलं नाही, झुलवलं नाही, तुझ्या पैशांनी कॉफीसुद्धा प्यायली असेल असं पत्रावरून दिसत नाही. ती गाणी स्टेटसला टाकलीस की तिच्यावर न केलेल्या गुन्ह्याचा ठपका येतो, तोही रोज, तोही सगळ्या ऑफिसच्या देखत. तेव्हा आजपासून स्टेटस बंद. तिला तुझं स्टेटस दिसू नये अशी सेटिंग करून ठेवशील आणि म्हणशील, झालं, तसं नको. ठेवूच नकोस.

मग सांगायचं कुणाला? तुझी आई ‘रडकी गाणी बंद कर’ म्हणते, म्हणजे तिला वास लागलाय. मुलीचं नाव घेऊ नकोस, ते तिचं आहे. पण ‘आई, एक मुलगी आवडली होती, ती नाही म्हणाली’ एवढं तू सांगू शकतोस. साताऱ्याला गेलास की स्वयंपाकघरात बस आणि शाह हुसेनची ती काफी तिला लावून दाखव, अर्थ सांग. काट्यांचं कालवण आणि उसाशांचं सरपण म्हटल्यावर तिला भाषांतराची गरज पडणार नाही. जात्यावरच्या ओव्यांत सासुरवाशिणी हेच सांगत आल्या. आई रागावली तर रागावू दे. नाहीच जमलं तर भाऊ, मामा, कॉलेजातला जुना मित्र. त्या ‘बिनधास्त’वाल्यांपैकी कुणी नको.

गाणी बंद करायची गरज नाही. वेळ बदलायची आहे, आणि संगत. रात्री दोन वाजता, अंधारात, हेडफोन घालून, एकट्यानं आणि एका मागोमाग एक दुःखाचीच गाणी, अशी ही गाणी पंजाबात कुणी ऐकत नसे. हीर गायली जायची ती गावाच्या चावडीवर, जिला तिकडे ‘सथ’ म्हणतात. म्हातारेकोतारे बसलेले, मधे कुणी वाहवा करतोय, कुणी हुक्का ओढतोय. गिद्धा म्हणजे बायकांचा नाच, त्याच्या रिंगणात बाई दीर कसा वात्रट, सासू कशी खाष्ट यावर बोली, म्हणजे छोटं कडवं टाकते, आणि त्याच दमात परदेशी गेलेल्या नवऱ्याची आठवण काढते, आणि बोली संपली की बाकीच्या टाळ्यांच्या ठेक्यावर नाचायला लागतात. दुःख सांगून होतं आणि त्यावर नाचही होतो. यूट्यूबला हे कळत नाही. तू एक रडकं गाणं लावलंस की तो तसलीच आणखी दहा मांडून ठेवतो. मधे बोली, मधे भांगडा, मधे टप्पे, हे तुला हातानं घालावं लागेल. घालून बघ.

बटालवींच्या बाबतीत एक सांगायचं राहिलं. त्यांचं दारूत बुडालेलं जगणं तुला देखणं वाटतंय असा वास तुझ्या पत्राला येतोय. १९७३च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा ३७ वर्षांचेही नव्हते. यकृत गेलं होतं. पदरी बायको आणि दोन लहान मुलं. चंदीगडला स्टेट बँकेत नोकरी होती, म्हणजे तुझ्यामाझ्यासारखी हजेरीची. त्यांची बीबीसीनं घेतलेली मुलाखत यूट्यूबवर आहे, तीत ते हळूहळू मरण्याबद्दल बोलतात आणि बोलता बोलता गायला लागतात. गाणं ऐकावं, अप्रतिमच आहे. बोलणं मात्र आजारी माणसाचं आहे, ते आयुष्याचं तत्त्वज्ञान म्हणून उशाशी घेऊन झोपू नकोस. तुझ्या पत्रात झोप उडाल्याचं आहे, जेवणाचं काही नाही. जेवण तुटलं असेल, सकाळी उठवत नसेल, किंवा जगण्यात काही राम नाही असं मनात येत असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन कर. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. ‘एवढ्याशा गोष्टीसाठी काय फोन करायचा’ असं म्हणू नकोस.

लग्नाला जाऊ का, असं विचारलंयस. नको जाऊस. तुला तिथे काय दिसेल माहितेय? तुला वाटतंय तुझा विरह. पण त्या घरात त्या दिवशी वेगळाच विरह चालू असेल. पंजाबात मुलीच्या पाठवणीला गातात: ‘साडा चिड़ियां दा चंबा वे, बाबल असां उड जाणा.’ बाबा, आम्ही म्हणजे चिमण्यांचा थवा, उडून जाणार. सुरिंदर कौर आणि प्रकाश कौर या बहिणींच्या आवाजात ऐक, दोघी लाहोरच्या, १९४७ला त्यांचं स्वतःचं शहरही सुटलेलं. पंजाबी विरह बायकांच्या गळ्यात अशाच गोष्टींनी आलाय: माहेर सुटणं, नवरा पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या आघाडीवर जाणं, फाळणीत गाव पलीकडे राहणं, मग दीर-भाऊ-मुलगा कॅनडाला. ‘बसऱ्याची लढाई एकदाची मोडू दे’ असं गाणाऱ्या त्या बायकांना पत्र येईल की तार येईल तेही ठाऊक नसायचं. प्रियकर-प्रेयसी हा त्यातला एक धागा, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त गायला गेलेला, म्हणून आपल्याला तेवढाच ऐकू येतो. तर त्या दिवशी ती मुलगी आपल्या बापाचं घर सोडत असेल. तिच्या त्या गाण्यात तू कुठेच नाहीस, आणि मांडवात कोपऱ्यात भरल्या डोळ्यांनी उभा राहिलास तर उगाच येशील. टीमच्या आहेराच्या पाकिटात तुझा वाटा घाल, कार्डावर सगळ्यांबरोबर सही कर.

शेवटच्या दिवशी तिला एकच वाक्य सांगायचं: ‘गाण्यांची ओळख करून दिलीस, आभार. सुखात राहा.’ हसून, उभ्या उभ्या, सगळ्यांसारखं. त्यात खोल अर्थ भरायला जाऊ नकोस, डोळ्यांत बघून क्षणभर थांबूही नकोस. तिला त्यात काही वेगळं दिसलं नाही की समज, जमलं.

खरं प्रेम न मिळालेलंच असतं का? हे गाणाऱ्यांनी पसरवलेलं आहे, त्यांचा धंदा त्यावर चालतो. हीर-रांझ्याची सगळ्यात जुनी पंजाबी काव्यकथा दामोदरची, अकबराच्या काळातली मानतात. तीत दोघं जिवंत राहतात, एकमेकांना मिळतात आणि मक्केच्या वाटेला लागतात. वारिस शाहच्या हातून ती मेली, आणि लोकांना मेलेली जास्त आवडली. मिळालेलं प्रेम गायला कंटाळवाणं असतं, जगायला नाही. माझ्या ओळखीतली किती जोडपी संध्याकाळी भाजी निवडत भांडत बसतात, त्यांच्यावर काफी कोण लिहिणार? म्हणून त्यांचं प्रेम खोटं होत नाही. आणि तुझंही खोटं होतं असं मी म्हणत नाही. खरं होतं. तिला नको होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, त्यात आश्चर्य वाटून घेऊ नकोस.

एक काम मात्र सांगते, कारण गाण्याचं वेड तिच्यामुळे लागलं तरी आता ते तुझं आहे. गुरदासपूर जिल्ह्यात, बटालवींच्या बटाल्यापासून फार लांब नाही, घुमान नावाचं गाव आहे. आपले नामदेव महाराज पंढरपूर सोडून उत्तरेत गेले ते तिथे राहिले. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन त्याच गावात भरलं होतं. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि त्यात एक आहे: ‘मोहि लागती तालाबेली, बछरे बिनु गाइ अकेली.’ वासराविना गाय, पाण्याविना मासळी, तशी जिवाची तालाबेली लागलीय. मराठी माणसाची ही तगमग शीख कीर्तनात आजही गातात. बटाल्याच्या विरहाला तू भुललास, तर त्याच मुलखात हाही विरह पाचसहाशे वर्षं गायला जातोय हे माहीत असू दे. जा एकदा. यंदा नको, फेब्रुवारीत तर मुळीच नको, आणि ‘सहज या बाजूला आलो होतो’ असा मेसेज करायच्या अंतरावर ती असेल तोपर्यंत नको. पुढच्या वर्षी पाऊस ओसरल्यावर एखाद्या मित्राला घेऊन जा.

तोवर गुरुमुखी शीक. पस्तीस अक्षरं आहेत, म्हणून तिकडे वर्णमालेला ‘पैंती’च म्हणतात, आणि देवनागरी येणाऱ्याला दोन-तीन आठवड्यांत वाचता येऊ लागते. ‘लूणा’ मूळातून वाच, सावकाश, शब्दकोश हाताशी घेऊन. पहिलं पान स्वतःचं स्वतः वाचून झालं की तिला फोटो पाठवावासा वाटेल. तो आईला पाठव.